उजवीकडचं पान

बिलाच्या यंत्राला पांढरा रस्सा माहीत नाही.
त्याला कळतं एवढंच: मटण थाळी एक,
आठ बावन्न, टेबल सहा, रोख.
टेबल सहावरून कितीदा वाटी वर झाली,
ते कागदाच्या पट्टीवर उमटत नाही.

म्हणून मी वही घातली.
गंगावेशीतल्या दुकानातली, शंभर पानी.
डावीकडं विकलं ते,
उजवीकडं उरलं ते.
हिंदुराव चुलीपासून बघत होता.
चोवीस वर्षं त्याचं माप एकच, पातेलं.
"रस्सा मोजत्यात व्हय गं कुठं?
उद्या मिठाचं खडं मोजशील."
मी म्हटलं, मीठ नाही, मामा,
रात्री साडेअकराला मोरीत ओततो
ते मोजते.
तो गप्प झाला.
पाट्यावरच्या खोबऱ्याचा आवाज तेवढा वाढला.

मग वर्षभराची बिलं काढली, रबरात बांधलेली.
काहींची शाई उडून गेलेली,
जणू ती माणसं जेवलीच नव्हती.
उरलेल्यांनी सांगितलं:
बुधवार, शुक्रवार, रविवार.
हे तर शेंबडं पोरही सांगेल.
पण गुळाचा सौदा चढा गेला की
शाहूपुरीकडून चौघा-चौघांनी येतात
आणि खिमा आधी संपतो.
फुटबॉलला आपली पेठ जिंकली, तर पंच्याहत्तर थाळ्या.
हरली, तर अठरा,
त्यातल्या तेरा पार्सल.
हरलेला माणूस घरी जाऊन दार लावून जेवतो.
जुलैअखेरची नऊ पानं कोरी.
तिथं मी अंदाज लिहिला नाही.
पंचगंगा येणार ते कळतं,
किती पायऱ्या चढणार ते ती सांगत नाही.

आणि गुरुवार.
गुरुवारी बारा किलो येत होतं, सात खपत होतं.
इतकी वर्षं कुणाला सललं नाही.

रियाज मुल्लाणीला फोन केला: गुरुवारी सातच.
तो काही बोलला नाही. संध्याकाळी स्वतः आला,
गल्ल्यापाशी उभा राहिला.
"काय चुकलं का, ताई? दुसरा कोण धरला?"
वही उघडून त्याच्यापुढं सरकवली.
बोट लावून तो आकडे वाचत गेला,
नखाच्या कडेला लाल वाळलेलं,
दोनदा मागं आला, पुन्हा वाचलं.
"म्हणजे बुधवारी रात्री सांगितलंत,
तर एक जित्राब बांधून ठेवता येतंय मला."

तेव्हापासून बुधवारी रात्री आकडा कळवते.
त्याच्या शेडमध्ये एक बोकड
गुरुवारभर सुबाभळीचा पाला खातो.
वहीत त्याला रकाना नाही.

महिन्याकाठी पंधराएक हजार वाचले.
दादांनी ते गॅसवाल्याला दिले, विषय संपला.
भांड्यांवरची कमळाक्का म्हणाली,
"ताई, मोरी तुंबायची थांबली बघा."
एवढीच काय ती शाबासकी.

हिंदुराव हल्ली विचारतो, पाठमोराच:
"उद्या किती?"
मी साठ म्हणते, तो सत्तरचं घालतो.
आकडा माझा, पातेलं त्याचं.
भांडण मिटलेलं नाही.

आज बुधवार. दहा वाजून गेलेत.
उद्या मॅच आहे, आपल्या पेठेची.
गेल्या तिन्ही वेळा हरलेत.
वही म्हणते अठरा, तेरा पार्सल.
वहीला हे माहीत नाही की
उद्या गोलात हिंदुरावचा धाकटा, पहिल्यांदाच.

रियाजचा फोन लागतो.
"बोला ताई, किती?"
पेन्सिल कानामागं, पान उघडं.
चुलीकडून हिंदुराव वळून बघत नाही.
बघत नाही,
पण वाटण थांबलंय.